उधारीची वही आणि खरेदीचे ॲप

बीदर, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद अशा कर्नाटकाच्या सीमाभागातल्या गावांमधील दुकानांसाठी खरेदीचे ॲप करायचे ठरले की चर्चा रंगावर, बटणांवर आणि भाषांतरावर सुरू होते. पडदा सोपा हवा, चित्रे मोठी हवीत, कन्नड आणि मराठी घातली की काम झाले, असे समजले जाते. पुढे ॲप चालले नाही तर ‘लोकांना अजून सवय नाही’ एवढ्यावर विषय मिटतो. हे मत उथळ आहे. त्याची किंमत ज्यांनी ॲप मागितले नव्हते अशा चालत्या दुकानांना आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना मोजावी लागते, म्हणून ते नीट खोडून काढायला हवे.

माझे म्हणणे असे की ॲपची रचना ही आधी व्यवहाराची रचना असते. विकायला कोण बसू शकेल, खरेदी कोणाच्या नावावर पडेल, पैसे कधी द्यायचे, माल कोणत्या मापाने मागायचा आणि तो कोणत्या गावापर्यंत जाईल, हे पहिले बटण काढण्याआधीच ठरलेले असते. बहुतेक ॲपांनी ते मोठ्या शहरातला पगारदार डोळ्यांसमोर ठेवून ठरवले आहे. त्याला स्वतःचा फोन आहे, पक्का पत्ता आहे, लिहिता येणारी एक भाषा आहे आणि दर महिन्याला खात्यात पैसे येतात. बीदर आणि कलबुर्गीच्या सीमाभागात या चारही गोष्टी एकत्र असलेले गिऱ्हाईक फार थोडे. तेव्हा दुरुस्ती पडद्यात करून भागणार नाही, ती या गृहीतकांत करावी लागेल.

सवयीच्या सबबीला यूपीआयने केव्हाच उत्तर दिले आहे. २०१६ साली आलेली ही सोय आज चहाच्या गाड्यावर आणि आठवडी बाजारातल्या भाजीच्या पाटीवर दिसते. ती रुजली, कारण तिने दुकान हलवले नाही. तेच गिऱ्हाईक, तोच गल्ला, फक्त नोटेच्या जागी फोन. दुकानदाराचे हात तराजूत गुंतलेले असतात, हे ओळखून रक्कम मोठ्याने सांगणारा छोटा डबा गल्ल्याशेजारी आला. दुकानदाराला पडद्याकडे पाहावेच लागत नाही. खरेदीच्या ॲपांनी इतके बारीक निरीक्षण केलेले मला दिसत नाही.

पहिला मुद्दा: बाजाराचा नकाशा

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचा बीदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. भालकी, हुमनाबाद त्यात होतेच, पण उदगीर, निलंगा, अहमदपूर आणि जहिराबाद, नारायणखेडही त्यातच होते. राज्य पुनर्रचनेत हा एक जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर आज लातूर जिल्ह्यात आहेत, जहिराबाद आणि नारायणखेड तेलंगणात. सोयरिकी, अडतीची ओळख, डॉक्टर, लग्नाचा बस्ता यांची वाटणी मात्र झाली नाही. लातूर रोडहून निघालेली रेल्वे आजही उदगीर, कमलनगर, भालकी करत बीदरला जाते आणि तिच्यातला प्रवासी वाटेत राज्य बदलल्याची दखल घेत नाही.

पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने टपालाची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून ही पद्धत आखली आणि त्या कामासाठी ती उत्तम होती. पहिला आकडा विभागाचा. म्हणून उदगीरचा पिनकोड ४१३ने सुरू होतो, भालकीचा ५८५ने आणि जहिराबादचा ५०२ने. टपाल वाटण्यासाठी केलेली ही सोय ॲपांनी बाजाराची वेस करून टाकली. कमलनगरच्या माणसाला उदगीरचे दुकान जवळचे आणि ओळखीचे असते, पण ॲप त्याला आपल्याच राज्यातले लांबचे दुकान आधी दाखवते, कारण त्याच्या लेखी राज्य ही पहिली चाळणी आहे आणि अंतर दुसरी.

माल कुठवर पोहोचवायचा हे दुकानदाराला गावांच्या नावांनी सांगता आले पाहिजे. आपल्या मालाची गाडी कोणत्या वाटेने जाते, कोणत्या गावची जीप बाजारच्या दिवशी दुकानासमोर थांबते, हे त्याला पाठ असते. पत्त्याच्या रकान्यांचेही तेच. राज्य, जिल्हा, तालुका, रस्ता, घर क्रमांक अशी उतरंड भरायला लावली की अलीकडे तालुका झालेल्या कमलनगर किंवा हुलसूरचा माणूस तिथेच अडतो, कारण जुन्या यादीत त्याचा तालुका नसतो. ‘मारुतीच्या देवळामागे, पाण्याच्या टाकीजवळ’ हा इथला पूर्ण पत्ता आहे. तो बोलून नोंदवता आला की काम झाले.

दुसरा मुद्दा: फोन घराचा असतो

ॲपात शिरताना नंबर मागतात, त्या नंबरवर ओटीपी येतो आणि तो टाकला की माणसाची ओळख पटली असे धरले जाते. या पद्धतीत एक फोन म्हणजे एक माणूस. पण शेतकरी घरातला चांगला फोन बहुतेक वेळा मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असतो आणि दिवसभर तो त्याच्याबरोबर शेतात नाहीतर तालुक्याला असतो. घरात काय संपले हे जिला माहीत असते, त्या बाईच्या हातात ओटीपी येतच नाही. दुकानात तिला कोणी ओळखपत्र मागत नाही. ‘आप्पा, वीस रुपयांची साखर द्या अन् मागच्या खात्यावर मांडा,’ एवढ्या एका वाक्यात तिची खरेदी होते.

म्हणून खाते घराचे असावे आणि त्यात अनेक माणसे असावीत. साध्या फोनवरून दुकानाला फोन करून सांगितलेली यादीही त्याच खात्यात दुकानदाराला मांडता यावी. नेटवर्क नसताना केलेली मागणी फोनमध्ये जपून राहावी आणि नेटवर्क आल्यावर आपोआप जावी. ही सोय पायाभरणीतच घालावी लागते, मागाहून जोडता येत नाही.

तिसरा मुद्दा: सुटा माल आणि यादीची सत्ता

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा मुद्दा, आणि बैठकांत तोच सर्वांत कमी बोलला जातो.

मागच्या मुद्द्यातली ‘वीस रुपयांची साखर’ पुन्हा पाहा. इथली पुष्कळ रोजची खरेदी रकमेने होते. दहा रुपयांचे तेल, वीस रुपयांची साखर, पन्नासची डाळ. हातात किती पैसे आहेत ते गिऱ्हाईक सांगते, वजनाचा हिशेब दुकानदार करतो. ॲप मात्र विचारते: पाचशे ग्रॅम की एक किलो? रकमेने माल मागता येईल असा रकाना ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अगदी किरकोळ काम आहे. तो ठेवलेला दिसत नाही, कारण माल हा पुडक्यातच असतो असे यादी बनवणाऱ्याने धरून चाललेले असते.

पुडक्याचा हा आग्रह कुठे नेतो ते कलबुर्गीत दिसते. तुरीसाठी हा जिल्हा देशात ओळखला जातो. इथल्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. गावात डाळमिली आहेत, बाजार समितीत तुरीची आवक आहे. आणि तरीही ॲपवर तूरडाळ शोधली की वर येतात त्या लांबच्या कंपन्यांच्या छापील पिशव्या. याचे कारण पसंती नव्हे. यादी बारकोडवर उभी आहे आणि मिलीतून पोत्याने येणाऱ्या डाळीला बारकोड नसतो. ज्याला बारकोड नाही, चकचकीत फोटो नाही आणि इंग्रजी वर्णन नाही, तो माल यादीत नाही. जो यादीत नाही, त्याला बाजारही नाही. इतका मोठा निर्णय मालाच्या यादीचा आराखडा करणारा कोणी एक जण नकळत घेऊन बसतो.

त्याला कराचीही जोड आहे. दुकानात समोर मोजून दिलेल्या सुट्या डाळीवर जीएसटी नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या डाळीवर ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ‘ॲपवर यायचे तर पिशवी बांधा, लेबल लावा’ असे आपण दुकानदाराला सांगतो, तेव्हा पिशवीच्या खर्चाबरोबर कराचा बोजाही त्याच्यावर टाकतो. ही गोष्ट रचना ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असायला हवी.

बीदरी कामाचीही यादीत अशीच कुचंबणा होते. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचे भांडे ओतायचे, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी किल्ल्यातली माती घातलेल्या द्रावणात उकळून ते काळेभोर करायचे, अशी ही कला. हाताने कोरलेली सुरई दुसऱ्या सुरईशी तंतोतंत जुळत नाही. यादीला मात्र एक फोटो, एक क्रमांक आणि ‘शिल्लक नग: ४०’ एवढेच समजते. मग फोटोतल्या वेलीपेक्षा घरी आलेली वेल वेगळी निघाली म्हणून वस्तू परत येते आणि कारागिराच्या माथी तोटा बसतो. अशा वस्तूंना नगागणिक वेगळा फोटो आणि वेगळी नोंद हवी, ‘यासारखी करून द्या’ अशी मागणी नोंदवायची सोय हवी आणि परतीचा नियमही निराळा हवा.

शोधाबद्दल एकच. इथली माणसे ज्वारी, जोंधळा आणि जोळ एकाच गल्लीत बोलतात, आणि पुष्कळदा रोमन अक्षरांत टाइप करतात. शोधाच्या कोशात हे सगळे एकाच मालाशी जोडलेले हवे. हे काम दुकानात बसून, कानांनी करावे लागते.

चौथा मुद्दा: उधारी

ॲप बनवणाऱ्यांना उधारी ही मागासलेली सवय वाटते. मला ती शेतीच्या उत्पन्नाशी बेतलेली पैशाची व्यवस्था वाटते. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमारास विकते, तूर संक्रांतीच्या पुढेमागे. मधले महिने घर चालते ते वहीवर. किराणा दुकानातली लांबट वही उघडून पाहावी. पानाच्या डोक्यावर ‘सोपानची आई’ किंवा ‘वरच्या गल्लीतला बाबू’ असे नाव असते, खाली तारीख आणि रक्कम, मालाचे नाव दोन अक्षरांत. मध्येच एक मोठी रक्कम वजा पडते, आणि तिच्या तारखेवरून त्या घरची तूर कधी विकली हे सांगता येते. मग आडवी रेघ आणि पुन्हा पहिल्यापासून.

या वहीला ॲपांनी दोनच पर्याय दिले: आत्ता पैसे द्या, किंवा महिन्याच्या ठरावीक तारखेला हप्ता भरा, चुकला तर दंड. ज्याचे उत्पन्न महिन्यावर चालत नाही, त्याला हे दोन्ही पर्याय अडचणीत टाकतात.

वहीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. उधारीच्या गिऱ्हाइकाला भाव थोडा चढा लागतो, बाकी असताना दुसऱ्या दुकानात जाण्याची चोरी होते आणि वही एकाच बाजूला असल्याने मांडलेल्या रकमेवर विश्वास ठेवण्याखेरीज गिऱ्हाइकापुढे मार्ग नसतो. ॲपचा खरा उपयोग नेमका इथे आहे. उधारीची प्रत्येक नोंद दोन्ही बाजूंना, त्याच क्षणी, त्याच आकड्यात दिसावी, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकू यावी. फेडीची मुदत तारखेऐवजी पिकावर ठेवता यावी. भाव रोखीचा किती आणि उधारीचा किती, हे वेगळे दिसावे. एवढे केले तर गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचे नाते मोडत नाही, फक्त त्यातला अंधार कमी होतो.

दुकानदाराला असा दुहेरी हिशेब झेपेल का, ही शंका या भागाबद्दल तरी घेऊ नये. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले आणि शेजारच्या इंग्रजी मुलखात कलदार. १९५० साली सात हालींना सहा कलदार असा दर ठरला, आणि हाली सिक्का कायद्याने पूर्ण बाद झाला तो १९५९ साली. तोवर सरहद्दीवरच्या व्यापाऱ्यांचा व्यवहार दोन नाण्यांशी होता आणि पुष्कळ ठिकाणी तो मोडीत मांडलेला असे. अनेकपणा सांभाळण्याची बुद्धी या बाजाराकडे पूर्वीपासून आहे. अडचण एकेरी साच्याची आहे.

पाचवा मुद्दा: लिपीला जागा

भाषांतर हा मुद्दा पाचवा ठेवला, कारण तो शेवटी यायला हवा. ॲमेझॉनने २०२० साली कन्नड आणली, २०२१ साली मराठी. मधल्या काळात मराठीसाठी महाराष्ट्रात आंदोलनही झाले. हे चांगलेच झाले. पण इंग्रजी मजकुरासाठी मापून काढलेल्या चौकटीत देवनागरी ओतली की ‘मागणी नोंदवा’ या बटणातली वेलांटी वरून छाटली जाते आणि ‘पुढे’चा उकार खाली चौकटीत बुडतो. कन्नडची जोडाक्षरे तर ओळीखाली उतरतात, त्यांना आणखी उंची लागते. ओळीची उंची तिन्ही लिप्यांना पुरेल अशी आधी ठरवावी आणि मग पडदा आखावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने बलू हे टंककुल देवनागरी, कन्नड आणि इतर भारतीय लिप्यांसाठी केले आहे, तेव्हा टंक नाहीत असे म्हणायला जागा नाही. बिलाचेही तसेच. पुष्कळ स्वस्त छपाई यंत्रांना इंग्रजीच अक्षरे येतात. तिथे बिलाचे चित्र करून छापावे लागते. ते करावे, पण ज्या भाषेत खरेदी झाली त्याच भाषेत बिल द्यावे.

घेतले जातील असे आक्षेप

नवी पिढी इंग्रजी-हिंदीत सगळे करते, दहा वर्षांत हा प्रश्न उरणार नाही, असे म्हटले जाईल. पिढी बदलल्याने सोयाबीनचा हंगाम बदलत नाही, सुटी डाळ पुडक्यात जात नाही आणि उदगीर लांब सरकत नाही. भाषेचा मुद्दा उद्या सुटला असे धरले तरी पहिले चार मुद्दे जागच्या जागी राहतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो खरा आहे. कन्नड, मराठी, उर्दू, शिवाय आवाजाची सोय हे एका छोट्या दुकानदाराला परवडणारे नाही. पण हे प्रत्येकाने वेगळे का करावे? ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेल्या ओएनडीसी या खुल्या डिजिटल व्यापार-जाळ्याची कल्पनाच अशी आहे की विकणाऱ्याचे ॲप एक आणि घेणाऱ्याचे दुसरे असले तरी व्यवहार व्हावा. सुट्या मालाची सामाईक यादी, गावांची नावे, तिन्ही भाषांतला शोधाचा कोश हे सामाईक पैशातून, एकदाच आणि खुलेपणाने व्हावे. बाजार समित्या आणि व्यापारी संघ यांनी ते अंगावर घ्यावे.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात घेतला जातो. कर्नाटकात मराठी पडदा दाखवला तर वाद होईल. सीमाप्रश्न १९५६ पासून पेटता आहे, महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला आणि महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, हे सगळे ठाऊक असूनही माझे मत असे की दुकानाने या वादात पडू नये आणि भाषाही गाळू नये. पहिल्या पडद्यावर कन्नड आघाडीला ठेवून मराठी आणि उर्दू तितक्याच ठळक द्याव्यात. भालकीचा किराणावाला गिऱ्हाइकाच्या तोंडची भाषा बोलतो. त्याच्या ॲपला त्याहून कडक होण्याचे कारण नाही.

राहिला चौथा. मोठ्या कंपन्या शेवटी सगळे गिळणारच, मग ही धडपड कशाला? गिऱ्हाइकाला घाई लावून, टोपलीत नकळत वस्तू सरकवून, शेवटच्या पायरीला शुल्क वाढवून जो धंदा होतो, त्यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि असे १३ प्रकार नावानिशी सांगितले. अशा युक्त्या लागतात त्या तोंडओळख नसलेल्या गिऱ्हाइकाशी. ज्याला उद्या पुन्हा त्याच गल्लीत भेटायचे आहे त्याला त्या परवडत नाहीत. ओळखीच्या दुकानाची ही ताकद आहे आणि रचना तिच्यावर उभी करता येते.

आराखड्याबाहेरची एक अडचण

इथवर सांगितलेले सगळे ॲप करणाऱ्याच्या हातातले आहे. एक गोष्ट नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन मंचावरून माल विकता येतो, पण काही अटींवर आणि आपल्या राज्याच्या आत. उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या भालकीच्या कापडवाल्याकडे उदगीरची सोयरी येऊन साडी हातात घेऊन गेली तर कोणी काही विचारत नाही. तीच साडी ॲपवरून तिच्या घरी पाठवली की ती आंतरराज्य विक्री होते आणि नोंदणी बंधनकारक ठरते. १९५६ची रेघ अशी त्याच्या बिलावर उमटते.

ही रेघ थोडी सैल करता येते, त्याला दाखलाही आहे. हस्तकलेच्या वस्तू बनवणाऱ्यांना २०१७ पासून काही अटींवर राज्याबाहेरच्या विक्रीसाठी नोंदणीतून सूट आहे. तशीच सूट लगतच्या जिल्ह्यांतल्या लहान दुकानदारांना, ऑनलाइन मंचावरच्या विक्रीसह, द्यावी. बीदर आणि कलबुर्गीसाठी लातूर, नांदेड, धाराशिव, सोलापूर आणि संगारेड्डी एवढे जिल्हे त्यात आले तरी पुरे. कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगणा या तिन्ही राज्यांचे मंत्री जीएसटी परिषदेत बसतात. बीदरच्या आणि उदगीरच्या व्यापारी संघांनी एकत्र बसून एकच निवेदन तिघांकडे पाठवावे, आणि ते कन्नड, मराठी आणि तेलुगू या तिन्ही भाषांत लिहावे.